जिरेल ऑफ जॉयरी : सूड पुरा झाला, पण शेवटाचं काय?

रानजाई

सी. एल. मूर या अमेरिकन लेखिकेच्या जिरेलच्या कथा ओळीने वाचून काढल्या. डोक्यात इतकं साठलंय की कुणाशी तरी बोलल्याशिवाय राहवत नाही. पुढे 'ब्लॅक गॉड्स किस' या पहिल्या कथेचा शेवट सांगितलेला आहे. ज्यांना ती कोरी वाचायची असेल त्यांनी आधी कथा वाचा, मग इकडे या.

थोडी पार्श्वभूमी. १९३२च्या डिसेंबरमध्ये 'वीअर्ड टेल्स' या अमेरिकन मासिकात रॉबर्ट हॉवर्डचा रानटी योद्धा कॉनन अवतरला. आज ज्याला आपण सोर्ड अँड सॉर्सरी म्हणतो त्या साहसकथांचा साचा तिथे पक्का झाला. पिळदार नायक, उद्ध्वस्त देवळं, दुष्ट मांत्रिक, आणि बहुतेक वेळा सोडवून आणायला एखादी सुंदर बाई. दोन वर्षंही उलटली नव्हती, १९३४च्या ऑक्टोबरच्या अंकात त्याच मासिकात जिरेल आली.

काय सुरुवात आहे! जॉयरीचा किल्ला पडलाय. जिंकणारा गियोम बैठकीच्या दालनात ऐटीत बसलाय आणि हरलेल्या सरदाराला चिलखतासकट त्याच्यापुढे ओढत आणलं जातं. तोवर त्याची आणि आपलीही समजूत अशी की जॉयरीचा धनी कुणी पुरुष आहे. शिरस्त्राण उतरवतात तर आत लाल केसांची, पिवळ्या डोळ्यांची संतापलेली बाई. गियोम थक्क होतो, हसतो, आणि जबरदस्तीने तिचं चुंबन घेतो. ती त्याच्या गळ्याचा चावा घेते.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की लेखिका एका अक्षराने खुलासा करत नाही. ही बाई किल्ल्याची मालकीण कशी झाली, तलवार कुणी शिकवली, भाऊ नव्हता का, नवरा कुठाय, काहीच नाही. तिची माणसं तिचा हुकूम मानतात, बस. पुरुष सरदाराबद्दल आपण हे प्रश्न विचारत नाही, मग इथे का विचारायचे, हे न बोलता ठणकावून सांगितलंय. आजही अशा कादंबऱ्यांमध्ये नायिकेच्या हातात तलवार का आली हे पटवून देण्यात पहिली तीन प्रकरणं जातात.

मग ती कोठडीतून निसटते आणि गियोमला मारायला हत्यार शोधत किल्ल्याखालच्या वेटोळ्या भुयारातून एका भलत्याच जगात उतरते. गळ्यातला क्रूस काढेपर्यंत तिला तिथे अंधाराखेरीज काही दिसतच नाही. हा प्रवास मी वाचलेल्या कल्पनारम्य साहित्यातल्या सर्वोत्तम पानांपैकी आहे. शेवटी ती काळ्या देवाच्या मूर्तीचं चुंबन घेते. ते चुंबन हेच हत्यार. त्याचं ओझं आत्म्यावर वाहत ती धावत परत येते, ते गियोमला देते आणि तो मरतो.

आणि मग शेवटच्या काही ओळींत तिला कळतं की आपलं त्याच्यावर प्रेम होतं. तो गेला आणि जगातला उजेडच गेला.

मला हा शेवट मान्य नाही. सगळी कथा जे उभं करते ते या ओळी मोडून टाकतात असं मला वाटतं. पण तुमचं वाचन ऐकायचंय.

बोरू

अगदी मनातलं बोललीस. ज्याने किल्ला घेतला, माणसं मारली, सगळ्यांदेखत अंगाशी झोंबला, त्याच्यावर 'खरं तर' प्रेम होतं? 'तिचा नकार हा नकार नसतोच' ही समजूत पुरुषांच्या कथांनी पिढ्यान्‌पिढ्या पोसली. तीच इथे एका बाईच्या लेखणीतून, तिच्या सर्वात ताकदवान नायिकेच्या तोंडी यावी याचं फार वाईट वाटलं. प्रवासाची पानं मात्र अप्रतिम. त्या आंधळ्या पांढऱ्या घोड्यांचा कळप अंधारात धावत जातो तो प्रसंग वाचून अंगावर काटा आला.

पाथरवट

मी दुसऱ्या बाजूने बोलतो. शेवट चिकटवलेला नाही, पहिल्यापासून पेरलेला आहे. भुयारात उतरताना, त्या विचित्र जगात चालताना जिरेलला गियोमचं तोंड, त्याचा स्पर्श, त्याचं हसणं पुन्हा पुन्हा आठवतं. प्रत्येक वेळी ती त्याला संताप म्हणते. लेखिका आपल्याला सांगत असते की या बाईकडे त्या भावनेसाठी दुसरं नावच नाही. ती योद्धा आहे, तिच्या जगात दोनच गोष्टी, जिंकणं आणि हरणं. त्यात न बसणारं काही मनात उमटलं तर ते ओळखणार कसं?

माझ्या वाचनात ही शोकांतिका आहे. पुरुष योद्ध्याला अशी शोकांतिका मिळाली की आपण तिला थोर म्हणतो. स्वतःच्या हाताने प्रिय व्यक्तीला मारणारे नायक किती तरी आहेत. बाईला मिळाली की लगेच 'दुबळी दाखवली' म्हणायचं का?

सांजवारा

पाथरवट, तुमचा मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण एका ठिकाणी अडतो. पुरुष योद्धा प्रियेला मारतो तेव्हा त्या प्रियेने आधी त्याचं राज्य लुटून त्याला बांधून आणलेलं नसतं. इथे प्रेम नेमकं जेत्यावर बसतं. दोन बाजू सारख्या वजनाच्या नाहीत.

इथे जोआना रस या अमेरिकन लेखिकेचा १९७२चा एक निबंध आठवतो, नायिका करू तरी काय शकते या प्रश्नावरचा. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : आपल्याकडे साठलेली कथानकं बहुतेक पुरुषांसाठी घडलेली आहेत. राज्य जिंकणं, निसर्गाशी झुंजणं, स्वतःला सिद्ध करणं. त्यांतल्या पुरुषाच्या जागी बाई ठेवून पाहा, कथानक हास्यास्पद वाटायला लागतं. बाईसाठी एकच कथानक राखून ठेवलेलं, ते म्हणजे प्रेमकथा. तिचं यश तेच आणि अपयशही तेच.

जिरेलची कथा या कसोटीला लावली की काय घडलंय ते लख्ख दिसतं. सूडकथा हे पक्कं पुरुषी कथानक मूर यांनी उचललं, त्यात बाई ठेवली, आणि ते जराही हास्यास्पद न होता शेवटपर्यंत नेलं. केवढी मोठी गोष्ट! आणि अगदी उंबरठ्यावर आल्यावर प्रेमकथेने तिला मागे खेचलं. म्हणून मला लेखिकेचा राग येत नाही. १९३४मध्ये तयार असलेली वाट तेवढीच होती आणि ती त्या वाटेच्या टोकापर्यंत जाऊन आली.

उत्खनक

एक भर. जिरेल पहिली तलवारधारी नायिका असं सरसकट लिहिलं जातं, पण त्याच वर्षी मे महिन्यात कॉननच्या एका कथेत बेलिट ही समुद्री चाच्यांची राणी आलेली आहे. पण फरक बघा. बेलिट जहाजांवर हुकमत गाजवते, तिच्या नावाने किनारे कापतात, आणि कॉनन दिसताक्षणी ती स्वतःला त्याच्या हवाली करते. कथेच्या शेवटाआधीच मरते. मेल्यानंतरही ती येते ती त्याला वाचवायला. कथा कॉननची, ती त्याच्या आयुष्यातला एक अध्याय.

जिरेलच्या कथेत गियोम हा तिच्या आयुष्यातला अध्याय आहे. कथेचं केंद्र कुणाकडे, हा मला हातात तलवार असण्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

हॉवर्डला जिरेल आवडली होती, त्याने मूर यांना तसं कळवलंही होतं. त्याची स्वतःची एक नायिकाही आहे, डार्क ॲग्नेस. जबरदस्तीच्या लग्नाच्या दिवशी नवऱ्या मुलाला भोसकून पळून जाणारी फ्रेंच मुलगी. त्या कथा तो जिवंत असताना छापल्याच गेल्या नाहीत. १९३६ साली तो गेला.

मधलं पान

सी. एल. मूर ही बाई होती हे त्या वेळच्या वाचकांना माहीत होतं का? बाई असल्याचं लपवण्यासाठी आद्याक्षरं वापरली असं ऐकलंय.

उत्खनक

तो समज पसरलेला आहे, पण कारण वेगळं होतं. त्या इंडियानापोलिसमध्ये बँकेत नोकरी करत होत्या. मंदीचे दिवस. बाहेरून लिखाणाचे पैसे मिळतात हे कळलं तर नोकरी जाईल या धास्तीने त्यांनी कॅथरिन ल्युसिल ही नावं आद्याक्षरांत ठेवली. 'वीअर्ड टेल्स'मध्ये इतर लेखिका स्वतःच्या पूर्ण नावाने लिहीत होत्याच. अर्थात परिणाम झालाच. हेन्री कटनर या लेखकाने त्यांना चाहता म्हणून पत्र लिहिलं ते 'मिस्टर मूर' असं संबोधून. पुढे १९४०मध्ये त्या दोघांनी लग्न केलं आणि बरंचसं लेखन जोडीने केलं.

बोरू

पुस्तकं लिहिणारी बाई असू शकते हे चाहत्याच्याही डोक्यात आलं नाही, यातच सगळं आलं.

काजवा

मी जरा विरोधी सूर लावतो, रागावू नका. मला या कथा आवडल्या त्या भयाच्या वातावरणासाठी. भुयाराचा तो वळत जाणारा उतार, माणसासाठी न घडवलेला. पायांना डसणारे ते किळसवाणे छोटे जीव. जिरेल बाई आहे की पुरुष याने त्या पानांना काय फरक पडतो? साहसकथेवर विचारांचं ओझं टाकलं की साहस मरतं असं माझं प्रामाणिक मत आहे.

रानजाई

काजवा, रागवायचं कशाला, मुद्दा रास्त आहे. उपदेशाने मेलेल्या कादंबऱ्या मीही वाचल्यात. नायिका प्रत्येक लढाईनंतर थांबून भाषण देते, सगळे पुरुष मूर्ख नाहीतर नीच. त्या वाचवत नाहीत.

पण 'काय फरक पडतो' याचं उत्तर कथेतच आहे. ती भुयारात का उतरते ते आठवा. गियोमने तिला ठार मारलं असतं तर तो युद्धाचा नियम. त्याने तिला शत्रू मानायलाच नकार दिला. शिरस्त्राण उतरलं त्या क्षणी ती हरलेला सरदार उरली नाही, लुटीतली वस्तू झाली. तिचा संताप पराभवाचा नाहीच, दर्जा हिरावल्याचा आहे. त्या जागी पुरुष असता तर तो कोठडीतून सुटून फौज गोळा करायला गेला असता. नरकात उतरण्याइतकं टोक गाठायला जे लागतं ते या अपमानातून येतं. कथेचं इंधनच तिथे आहे. ते काढून घेतलं तर तुम्हाला आवडलेला तो उतार उतरायला कुणी उरत नाही.

आणि सूडाचं हत्यार तेच असणं! जबरदस्तीने घेतलेल्या चुंबनाची परतफेड चुंबनानेच. हा विचार कथेवर लादलेला नाही, तिच्या हाडातच आहे.

काजवा

हे पटलं. फौजेचा मुद्दा माझ्या लक्षातच आला नव्हता.

तळघर

मुखपृष्ठाबद्दल कुणीच बोललं नाही! त्या ऑक्टोबर १९३४च्या अंकाचं मुखपृष्ठ याच कथेवर आहे, मार्गारेट ब्रंडेज यांनी काढलेलं. कथेत जिरेल लढण्याच्या तयारीने, हत्यारासकट खाली उतरते. चित्रातली बाई जेमतेम कपड्यांत मूर्तीला बिलगलेली. म्हणजे चिलखतातल्या बाईची कथा विकायला तिचं चिलखत उतरवावं लागलं. आणि चित्रकारही बाईच. मासिक तसंच विकलं जायचं, तिला तसंच काम मिळायचं. यात तिला दोष द्यावा असं मला वाटत नाही, पण गियोमने दालनात जे केलं तेच मुखपृष्ठाने वाचकांपुढे केलं, हे मनातून जात नाही.

सांजवारा

तळघर, आणि ते तिथे थांबलं नाही. 'रेड सोन्या' या तलवारधारी नायिकेचं पाहा. कॉननच्या कॉमिकमध्ये १९७३मध्ये ती आली. पुढे अंगावर धातूच्या तुकड्यांची ती बिकिनी चढली आणि मग पूर्वकथा जोडली गेली : तिच्यावर बलात्कार होतो, एक देवी तिला युद्धकौशल्य देते, पण अट घालते की जो पुरुष तुला लढाईत हरवेल त्याच्याखेरीज कुणाचीही होऊ नकोस. बाईला बळ मिळायचं तर आधी तिच्यावर अत्याचार व्हायला हवा, आणि मिळालेल्या बळाची किल्लीही पुन्हा पुरुषाच्याच हाती. २०१३मध्ये गेल सिमोन यांनी ती मालिका नव्याने लिहायला घेतली तेव्हा ही पूर्वकथा बाजूला सारली. म्हणजे जवळजवळ चार दशकं ती टिकून होती. जिरेलला यातलं काहीच लागलं नव्हतं. काळ पुढे गेला की कथा आपोआप सुधारतात असं ज्यांना वाटतं त्यांनी ही दोन पात्रं शेजारी ठेवून पाहावीत.

पाथरवट

हा मुद्दा शंभर टक्के मान्य. पूर्वकथा नसणं हेच जिरेलचं मोठेपण, हे रानजाईने सुरुवातीलाच म्हटलंय.

पण मी शेवटावर परत येतो. सगळे पहिल्या कथेवर थांबले आहेत. दोनच महिन्यांनी, डिसेंबर १९३४मध्ये, 'ब्लॅक गॉड्स शॅडो' आली. त्यात गियोमचा आत्मा त्या काळ्या देवाच्या तावडीत अडकलाय आणि त्याचा आक्रोश तिला झोपू देत नाही. ती पुन्हा खाली उतरते, या वेळी त्याला सोडवायला. इथे साचा उलटलेला आहे. असहाय अडकलेला तो, तलवार घेऊन संकटात शिरणारी ती. हे तुमच्या हिशेबात कुठे बसतं?

बोरू

अपराधी भावनेच्या हिशेबात. ज्याने तिच्यावर जबरदस्ती केली त्याच्यासाठी तिने दुसऱ्यांदा नरक पालथा घालायचा! नायक-नायिकेच्या जागा बदलल्या हे खरं, पण झिजायचं कुणी ते बदललं नाही.

रानजाई

बोरूशी मी सहमत आहे, पण पाथरवट यांनी पुढच्या कथांकडे बोट दाखवलं ते बरं झालं. माझं खरं म्हणणं तिथेच आहे.

१९३६च्या जानेवारीतली 'द डार्क लँड' बघा. जिरेल मरणपंथाला लागलीय. रोम्ने नावाच्या काळोख्या प्रदेशाचा राजा पाव तिला तिथून उचलून नेतो. का, तर तिच्यातली आग त्याला आवडली आणि तिला राणी करायचंय. आता हा सगळा प्रसंग पहिल्या कथेशी ताडून पाहा. पुन्हा एक बलाढ्य पुरुष, पुन्हा न विचारता घेतलेला ताबा, पुन्हा तिचा संताप. भर म्हणून या वेळी त्याने तिचा जीवही वाचवलाय, म्हणजे उपकाराचं ओझंही आहे. आणि ती काय करते? हत्यार शोधायला निघते. तसंच, जसं पहिल्यांदा निघाली होती. फक्त या वेळी शेवटी कुठलंही प्रेम दडून बसलेलं नाही. ती राणीपद नाकारते आणि आपल्या किल्ल्यात परतते.

मूर यांनी स्वतःच्या कथेला स्वतःच दिलेलं हे उत्तर आहे असं मी वाचते. त्यांच्या मनात काय होतं ते मला ठाऊक नाही, पण दोन कथांची बांधणी इतकी सारखी आहे की शेवटातला फरक नजरेत भरतोच. एका लेखिकेने एकच प्रश्न पुन्हा मांडला आणि या वेळी नायिकेचा नकार शेवटच्या ओळीपर्यंत नकारच राहू दिला. 'ब्लॅक गॉड्स किस' जास्त गाजली, संग्रहांत तीच येते, आणि 'डार्क लँड'बद्दल कुणी बोलत नाही, याची मला खंत आहे. पहिल्या कथेचं गद्य सरस आहे हे कबूल. पण लिंगभेदाला आव्हान देणारी कथा म्हणून मी कुणाच्या हातात ठेवेन तर ही.

पाथरवट

'डार्क लँड' मला नेहमी फिकी वाटत आली. आता या नजरेने पुन्हा वाचतो. पण एक सांगा, नकार देणारी नायिकाच फक्त स्वतंत्र, असं तर तुम्ही म्हणत नाही ना? तो नवा साचा होईल. बाईने साहसकथेत प्रेमातच पडायचं नाही, रडायचं नाही, चुकीच्या माणसासाठी झुरायचं नाही.

रानजाई

नाही, तसं अजिबात नाही. तिने हवं त्याच्यावर प्रेम करावं. माझी हरकत क्रमाला आहे. आधी जबरदस्ती, मग 'मुळात प्रेमच होतं' असा उलगडा, आणि त्या उलगड्याने आधीच्या जबरदस्तीचं रूप बदलणं. तिने त्याच्याशी बरोबरीने लढून, बोलून, ओळखून प्रेम केलं असतं आणि तरी मारलं असतं, तर तुमच्या शोकांतिकेला मीही मान झुकवली असती.

मधलं पान

हे वाचून यादी करायला घेतली. जिरेलनंतर कुठे जायचं?

सांजवारा

माझं उत्तर : जोआना रस यांची ॲलिक्स. १९६७पासूनच्या कथा. ॲलिक्स कुलुपं उघडण्यात तरबेज, बुटकी, तिशीची, दिसायला बेताची. पहिल्याच कथेत एक श्रीमंत घरची सतरा वर्षांची मुलगी नको असलेलं लग्न टाळून पळायला तिला भाड्याने घेते. सगळी कथा या दोघींची. एकमेकींवर चिडतात, शिकतात, शिकवतात. जिरेलला आजूबाजूला बोलायला एकही बाई नाही, हे ॲलिक्स वाचल्यावर फार जाणवतं. 'जिरेल मीट्स मॅजिक'मध्ये जारिझ्मे ही जादूगारीण आहे खरी, पण ती शत्रू.

उत्खनक

आणि जेसिका अमांडा साल्मनसन यांनी संपादित केलेला १९७९चा 'ॲमेझॉन्स!' हा संग्रह. त्यातली चार्ल्स साँडर्स यांची दोसूये ही नायिका मुद्दाम वाचा. आफ्रिकेतल्या दाहोमीच्या राज्यात खरोखरच स्त्रियांच्या लढाऊ पलटणी होत्या, त्यावरून ती सुचलेली आहे. 'बायका लढत होत्या हे पटत नाही' म्हणणाऱ्यांना इतिहासच पुरेसा आहे. त्या संग्रहाला १९८०चा वर्ल्ड फँटसी पुरस्कार मिळाला. मूर यांनाही पुढच्याच वर्षी त्याच पुरस्कारांत जीवनगौरव मिळाला.

तळघर

जिरेलच्या सगळ्या कथा वाचायच्या तर 'हेल्सगार्ड' चुकवू नका, १९३९ची. तिची माणसं दुसऱ्या सरदाराने पकडलेली आहेत आणि त्यांना सोडवण्यासाठी ती एका झपाटलेल्या पडक्या गढीत शिरते. प्रेमाबिमाचा संबंध नाही, स्वतःच्या अपमानाचाही नाही. आपल्या माणसांची जबाबदारी आहे म्हणून जाते. सरदार म्हणून तिचं खरं रूप मला तिथे दिसलं.

बोरू

ही माझी राहिलीय. आज रात्री हीच.

रानजाई

मग 'हेल्सगार्ड' वाचून झाली की इथे लिही. त्यातही एक मेलेला पुरुष आहे आणि त्यातही जबरदस्तीचं चुंबन आहे. ते तिथे काय करतं यावर मला तुझं मत हवंय. माझ्या मते तिथे ती भावना निव्वळ भीती आणि किळस राहते, आणि पाच वर्षांत लेखिका कुठून कुठे आली ते त्यावरून कळतं. पाथरवट यांना हे पटणार नाही असा माझा अंदाज आहे.

पाथरवट

नाहीच पटत. पण आधी बोरूंचं वाचन होऊ दे, मग सविस्तर लिहितो.